सामाईक कोड, सामाईक जोखीम

पालघर जिल्ह्यातील बोईसरला लागून असलेली तारापूरची औद्योगिक वसाहत आणि तेथून जवळच समुद्रकाठी उभे असलेले तारापूर अणुऊर्जा केंद्र यांची चर्चा सहसा वीज, रसायने किंवा प्रदूषण यांच्या संदर्भात होते. परंतु सॉफ्टवेअरच्या रचनेतील एक मूलभूत प्रश्न समजून घेण्यासाठीही ही दोन ठिकाणे तितकीच उपयोगी आहेत. एका आज्ञावलीत एकदा लिहिलेले काम दुसऱ्या, पूर्णपणे स्वतंत्र आज्ञावलीला वापरू द्यावे काय, आणि द्यायचे ठरले तर कोणत्या मार्गाने द्यावे, हा तो प्रश्न होय. रसायने, औषधे, पोलाद आणि कापड यांच्या कारखान्यांत जी नियंत्रणयंत्रणा आढळते तिचा प्रवास अधिकाधिक वाटून घेण्याच्या दिशेने झालेला आहे, तर अणुभट्टीच्या सुरक्षाव्यवस्थेत वाटून घेणे जाणीवपूर्वक टाळले जाते. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी योग्य आहेत, आणि त्यांमागची कारणे पाहू लागले की आधुनिक सॉफ्टवेअरच्या जडणघडणीचा मोठा भाग उलगडतो.

प्रश्न जवळजवळ संगणकाइतकाच जुना आहे. केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली बांधलेल्या एडसॅक या संगणकावर ६ मे १९४९ रोजी पहिली आज्ञावली चालली, आणि तेथील संशोधकांच्या लवकरच लक्षात आले की वर्गमूळ काढणे, संख्या छापणे, त्रिकोणमितीय किमती काढणे ही कामे जवळजवळ प्रत्येक आकडेमोडीत पुन्हा पुन्हा लागतात आणि ती नव्याने लिहिताना दर वेळी नव्या चुका होतात. म्हणून त्यांनी अशा कामांच्या आज्ञा कागदी फितीवर छिद्रे पाडून जपून ठेवल्या. ज्याला गरज असेल त्याने हव्या त्या तुकड्याची नक्कल आपल्या फितीवर उतरवून घ्यायची. या तुकड्यांना सबरुटीन, म्हणजे उपआज्ञावली, असे नाव मिळाले आणि त्यांच्या संग्रहाला लायब्ररी. यात एक अडचण होती. उपआज्ञावली लिहिणाऱ्याला ती पुढे कोणाच्या आज्ञावलीत जाऊन बसणार हे माहीत नसते, त्यामुळे काम उरकल्यावर संगणकाने कोठे परतायचे हेही त्याला आधी लिहून ठेवता येत नाही. डेव्हिड व्हीलर यांनी असा मार्ग काढला की काम सांगणाऱ्या आज्ञावलीने जाताना स्वतःचा पत्ता बरोबर द्यावा आणि उपआज्ञावलीने त्यावरून परतीची आज्ञा आपल्या शेवटी स्वतःच तयार करून घ्यावी. विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात ही पद्धत मांडली गेली. एकमेकींची कसलीही पूर्वओळख नसलेल्या दोन आज्ञावलींनी आधी ठरलेल्या रीतीने देवाणघेवाण करायची, ही त्या युक्तीतील कल्पना पुढे सात दशके टिकली.

जर्मनीतील गार्मिश येथे १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये भरलेल्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या परिषदेत डग्लस मॅकिलरॉय यांनी याच कल्पनेला औद्योगिक रूप देण्याची मागणी केली; यंत्रउद्योगात जसे ठरावीक मापांचे सुटे भाग बाजारात तयार मिळतात तसे सॉफ्टवेअरचेही मिळावेत, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्यांच्याच आग्रहातून युनिक्स या कार्यप्रणालीत १९७३ मध्ये 'पाइप' आला, ज्यामुळे एका आज्ञावलीचे उत्पादन थेट दुसरीच्या हाती सोपवता येऊ लागले. दरम्यान १९७२ मध्ये डेव्हिड पार्नस यांनी आज्ञावलीचे भाग पाडण्याचा एक निकष सुचवला: जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे तो एकाच भागाच्या आत झाकून ठेवावा आणि इतरांना केवळ त्या भागाचा दर्शनी व्यवहार दिसू द्यावा. या दर्शनी व्यवहाराला इंटरफेस म्हणतात. पार्नस यांचे नाव या प्रकरणात पुढे एका अणुविद्युत केंद्राच्या संदर्भात पुन्हा येणार आहे.

आज वाटून घेण्याच्या मुख्य रीती तीन आहेत. पहिली रीत एडसॅकची: लायब्ररीची नक्कल आज्ञावलीत कायमची मिसळून टाकायची, जिला स्थिर जोडणी म्हणतात. दुसरीत लायब्ररी संगणकावर एकाच ठिकाणी राहते आणि आज्ञावली सुरू होताना किंवा चालू असताना ती तिला जोडून घेते; ही गतिशील जोडणी असून विंडोजवर डीएलएल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फायली याच प्रकारच्या आहेत. तिसऱ्या रीतीत काम करणारी आज्ञावली वेगळीच चालू असते, बहुधा दुसऱ्या संगणकावर, आणि तिला जाळ्यावरून निरोप पाठवून उत्तर मागवले जाते. दूरच्या संगणकावरील काम जणू घरचेच असावे अशा सहजतेने सांगण्याची रीत अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी १९८४ मध्ये तपशिलाने मांडली, आणि आज ज्यांना वेब सेवा किंवा एपीआय म्हटले जाते त्या तिच्याच वंशातील आहेत. पहिल्या रीतीत प्रत्येकाची प्रत वेगळी असल्याने लायब्ररीत सापडलेली चूक सर्व प्रतींत स्वतंत्रपणे दुरुस्त करावी लागते. दुसऱ्या व तिसऱ्या रीतीत एका ठिकाणची दुरुस्ती सर्वांना लागू होते, आणि एका ठिकाणचा बिघाडही.

बोईसरसारख्या वसाहतीतील एखाद्या रसायन-कारखान्यात या तिन्ही रीती एकाच छताखाली पाहायला मिळतात. तेथे रिअ‍ॅक्टर म्हणजे ज्या भांड्यात रासायनिक अभिक्रिया घडते ते, सहसा दुहेरी भिंतीचे पात्र. त्या भिंतींमधील पोकळीतून वाफ किंवा थंड पाणी फिरवून आतील तापमान राखले जाते. हे काम पीएलसी या छोट्या, मजबूत औद्योगिक संगणकाकडे असते. तापमान मोजायचे, ठरवलेल्या तापमानाशी त्याची तुलना करायची आणि फरकाच्या प्रमाणात वाफेचा किंवा पाण्याचा व्हॉल्व्ह उघडायचा, ही क्रिया पीआयडी या गणिती रीतीने होते, आणि ती प्रत्येक रिअ‍ॅक्टरसाठी नव्याने लिहिण्यात काहीच शहाणपण नसते. म्हणून पीएलसीच्या भाषांसाठी १९९३ मध्ये ठरवलेल्या आयईसी ११३१-३ या आंतरराष्ट्रीय मानकात, जे आज ६११३१-३ या क्रमांकाने ओळखले जाते, फंक्शन ब्लॉक या संकल्पनेला मध्यवर्ती स्थान मिळाले. पीआयडीचा ब्लॉक एकदा लिहून व तपासून झाला की तोच वीस ठिकाणी वापरता येतो. प्रत्येक ठिकाणच्या नोंदी मात्र वेगळ्या राहतात, जेणेकरून एका पात्राच्या तापमानाची नोंद दुसऱ्याच्या हिशेबात मिसळू नये. तर्क सामाईक आणि स्मृती स्वतंत्र ठेवण्याचा हा भेद सॉफ्टवेअरच्या कोणत्याही क्षेत्रात महत्त्वाचा आहे, आणि कारखान्याच्या पॅनेलइतका तो क्वचितच दुसरीकडे स्पष्ट दिसतो.

पीएलसीच्या बाहेर पडले की चित्र गुंतागुंतीचे होते. कंट्रोल रूममधील पडद्यावर सर्व तापमाने, दाब व पातळ्या दाखवणारी स्काडा ही आज्ञावली वेगळ्या कंपनीची असू शकते, नोंदी वर्षानुवर्षे साठवणारी तिसऱ्या कंपनीची आणि माल व खर्च यांचा हिशेब ठेवणारी चौथ्या. या सर्वांना पीएलसीतील आकडे हवे असतात. मॉडिकॉन या कंपनीने १९७९ मध्ये आणलेली मॉडबस ही निरोपाची पद्धत त्यासाठी आजही सर्रास वापरली जाते, आणि तिच्या साधेपणातच तिचे यश आहे: रजिस्टरचा क्रमांक सांगितला की त्यातील सोळा बिटांची संख्या मिळते. पण ती संख्या काय आहे हे मॉडबस सांगत नाही. रजिस्टरमध्ये ८२५ असेल तर ते ८२५ अंश आहे की दशांशचिन्ह गाळलेले ८२.५ अंश, सेल्सिअस आहे की फॅरनहाइट, की ते तापमान नसून दाबच आहे, हे कागदावरच्या तक्त्यात पाहावे लागते. आणि तो तक्ता एखाद्या निवृत्त इन्स्ट्रुमेंट इंजिनीअरच्या खणात राहिला असेल तर दोन आज्ञावलींमधील करार अर्धवटच राहतो.

याखेरीज १९९० च्या दशकापर्यंत प्रत्येक स्काडा कंपनीला प्रत्येक पीएलसी कंपनीसाठी वेगळा ड्रायव्हर, म्हणजे त्या यंत्राशी बोलणारा खास दुभाषा, लिहावा लागत असे. दहा प्रकारचे पीएलसी आणि दहा प्रकारच्या स्काडा असतील तर शंभर ड्रायव्हर लागतात, आणि पीएलसीचा एक प्रकार बदलला की दहा ठिकाणी काम निघते. मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये एका आज्ञावलीतील वस्तू दुसरीला वापरता याव्यात यासाठी ओएलई आणि कॉम ही तंत्रे आणली होती; वर्ड या लेखन-आज्ञावलीतील मजकुरात एक्सेलचा तक्ता जिवंत ठेवता येतो तो त्यांच्याच बळावर. स्वयंचलनाच्या क्षेत्रातील काही कंपन्यांनी एकत्र येऊन १९९६ मध्ये हेच तंत्र कारखान्याच्या कामाला लावले आणि ओपीसी हे मानक तयार केले. ओएलई फॉर प्रोसेस कंट्रोल याचे ते लघुरूप होते. त्यानुसार पीएलसी कंपनीने एकच ओपीसी सर्व्हर द्यायचा आणि स्काडा कंपनीने एकच ओपीसी क्लायंट, म्हणजे शंभराऐवजी वीस तुकडे पुरतात. पहिली आवृत्ती विंडोजला जखडलेली होती आणि वेगवेगळ्या संगणकांवरील आज्ञावली जोडताना डीकॉम या तंत्राच्या परवानग्या जुळवणे हे तंत्रज्ञांचे मोठे दुखणे होते. त्यानंतर आलेल्या ओपीसी यूए या पिढीने विंडोजचे बंधन काढून टाकले, आणि संख्येबरोबरच तिचे एकक, प्रकार व विश्वासार्हता पाठवण्याची सोय नीट बसवली. मॉडबसमधील मुक्या ८२५ ला अर्थ जोडण्याचे हे काम वेग वाढवण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे मानले पाहिजे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये अतिप्रदूषणकारी उद्योगांच्या सतरा वर्गांना, ज्यांत औषधनिर्मिती, रंग व रंगमध्यस्थ आणि कीटकनाशके हे वर्ग येतात, सांडपाणी व धूर यांचे सतत ऑनलाइन मापन करून आकडे मंडळाकडे पाठवणारी यंत्रणा बसवण्याचे निर्देश दिले. यामुळे कारखान्याच्या ईटीपीतील, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील, मापकयंत्राचा आकडा कुंपणाच्या बाहेर, दुसऱ्या संस्थेच्या आज्ञावलीपर्यंत जाऊ लागला. येथे इंटरफेसचा प्रश्न तांत्रिक राहत नाही. मापकाने दिलेला आकडा मधल्या कोणत्या आज्ञावलीला बदलता येतो, यंत्र बंद असेल तेव्हा रिकामी जागा पाठवायची की शेवटचा आकडा पुन्हा, मोजमापाच्या पट्टीबाहेर गेलेला आकडा कसा कळवायचा, या बारीकसारीक नियमांवर खाडीकाठच्या आणि समुद्रकाठच्या मच्छीमार गावांचे हित अवलंबून असते. वसाहतीच्या सांडपाण्यावरून या किनाऱ्यावरील मांगेला समाजाच्या संघटनेला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत जावे लागले, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे दोन आज्ञावलींमधील करार कोणाच्या बाजूने नीट लिहिला गेला पाहिजे याविषयी शंका उरत नाही.

आतापर्यंतच्या उदाहरणांत वाटून घेण्याचे कारण श्रम वाचवणे हे होते. पालघरच्या बाजारात किंवा सातपाटीच्या बंदरावर मासळीचे पैसे ज्या यूपीआयने दिले जातात तिच्यात मात्र एक निराळेच कारण दिसते. भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने एप्रिल २०१६ मध्ये ही व्यवस्था सुरू केली आणि तिच्यावर चालणारी ॲप वेगवेगळ्या बँकांनी व कंपन्यांनी आपापल्या परीने बनवली. त्यांचे रंग, मांडणी आणि सोयी वेगळ्या आहेत. तरीही पिन टाकण्याचा पडदा कोणत्याही ॲपमध्ये जवळजवळ सारखाच दिसतो, कारण तो त्या ॲपचा नसतोच. महामंडळाने तयार केलेली कॉमन लायब्ररी प्रत्येक ॲपमध्ये बसवावी लागते आणि पिन घेण्याचे काम तीच करते. घेतलेला पिन ती तेथल्या तेथे सांकेतिक रूपात बदलते, त्यामुळे तो ॲपच्या इतर भागांच्या हाती उघड्या रूपात येत नाही. येथे काम सामाईक केले ते ॲप बनवणाऱ्यांचे कष्ट कमी व्हावेत म्हणून नव्हे. ते काम त्यांच्यापैकी कोणीच स्वतः करू नये, हाच त्यामागचा हेतू आहे. एका ॲपच्या आत राहूनही त्या ॲपवर विश्वास न ठेवणारी ही लायब्ररी भारतीय सॉफ्टवेअर-रचनेतील सर्वांत विचारपूर्वक केलेल्या निवडींपैकी एक आहे.

यूपीआयची दुसरी बाजू २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ रोजी दिसली, जेव्हा देशभर तिचे व्यवहार अडखळले. एक ॲप चालत नाही म्हणून ग्राहकाने दुसरे उघडले तरी उपयोग नव्हता, कारण सर्वच ॲपना पैसे पोहोचवण्यासाठी एकाच मध्यवर्ती सेवेतून जावे लागते. ॲप अनेक असली तरी त्यांच्यामागील वाट एकच असेल तर ती अनेकता अडचणीच्या वेळी कामाला येत नाही, हे सूत्र अणुऊर्जा केंद्रातील रचना समजून घेताना पुन्हा लागेल.

सामाईक माहितीचा एक सौम्य पण सर्वदूर परिणाम करणारा प्रकार म्हणजे सामाईक याद्या. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला आणि महाराष्ट्राचा ३६ वा जिल्हा ठरला. २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत तो अर्थातच नव्हता. ज्या आज्ञावलींनी ३५ जिल्ह्यांची यादी आपल्या पोटातच लिहून ठेवली होती त्या प्रत्येकीत शिरून दुरुस्ती करणे आवश्यक होते, तर ज्या पंचायत राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेसारख्या एका मध्यवर्ती यादीवरून जिल्ह्यांचे व गावांचे संकेतांक घेतात त्यांचे काम एका नोंदीने भागते. भूमी अभिलेखांतही हीच दिशा दिसते: दस्त नोंदवणारी आज्ञावली आणि ई-फेरफार ही दोन खात्यांची वेगळी सॉफ्टवेअर असूनही नोंदणीकृत दस्ताची माहिती एकीकडून दुसरीकडे जाते, त्यामुळे फेरफाराची प्रक्रिया पक्षकाराने कागद नेऊन देण्याची वाट पाहत नाही.

वाटून घेण्याची किंमत किती असू शकते हे अलीकडच्या वर्षांत जगाने वारंवार पाहिले आहे. २२ मार्च २०१६ रोजी एका प्रोग्रामरने एनपीएम या सार्वजनिक भांडारातून लेफ्ट-पॅड नावाचा आपला अकरा ओळींचा तुकडा काढून घेतला आणि जगभरातील असंख्य आज्ञावलींची बांधणी काही तास थांबली; त्या तुकड्याचे काम अक्षरांच्या डाव्या बाजूला रिकामी जागा किंवा शून्ये भरणे एवढेच होते, आणि थांबलेल्यांपैकी पुष्कळांना आपण तो वापरतो हेही माहीत नव्हते, कारण तो त्यांनी घेतलेल्या लायब्ररीने घेतलेल्या लायब्ररीत होता. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग4जे या जावा भाषेतील लायब्ररीत गंभीर भगदाड सापडले. ही लायब्ररी केवळ घडामोडींची नोंद ठेवते. पण नोंदवायच्या मजकुरात खास रचलेले शब्द आले तर ती बाहेरच्या संगणकावरून परकी आज्ञावली आणून चालवत असे. बँकांपासून खेळांपर्यंत सर्वांच्या पोटात ती होती. सामाईक विहिरीवर अनेक मळे भिजतात तसेच हे. पाणी बिघडल्याचे कळायला मात्र ती विहीर आपल्या खात्यावर आहे हे आधी ठाऊक असावे लागते. म्हणूनच आता सॉफ्टवेअरबरोबर त्याच्या सर्व घटकांची यादी मागण्याचा प्रघात पडू लागला आहे, आणि निर्यातीसाठी औषधे बनवणाऱ्या कारखान्यांना तर तो फारसा नवा वाटू नये, कारण तेथे नियंत्रण-सॉफ्टवेअरमधील लहानसा बदलही व्हॅलिडेशनची, म्हणजे यंत्रणा ठरल्याप्रमाणेच चालते याच्या लेखी पडताळणीची, नवी फेरी मागतो.

पीएलसी वापरणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावी अशी घटना २०१० मध्ये उघडकीस आली. स्टक्सनेट या घातक आज्ञावलीचे लक्ष्य इराणमधील नतान्झ येथील युरेनियम समृद्धीकरणाची यंत्रे होती. सीमेन्सचे पीएलसी ज्या स्टेप ७ या आज्ञावलीतून लिहिले व तपासले जातात ती आज्ञावली पीएलसीशी बोलण्यासाठी एक डीएलएल वापरते. स्टक्सनेटने त्या मूळ फाइलचे नाव बदलून तिच्या जागी त्याच नावाची स्वतःची फाइल ठेवली. स्टेप ७ पूर्वीप्रमाणेच मागणी करी आणि बदली फाइल बहुतेक मागण्या निमूटपणे मूळ फाइलकडे पोहोचवी. परंतु पीएलसीतील कोड वाचण्याची मागणी आली की त्यात घुसवलेला भाग ती लपवून ठेवी. अभियंत्याला पडद्यावर सारे ठीक दिसत असे. गतिशील जोडणीचा जो गुण, की लायब्ररी बदलली तरी आज्ञावलीला ते कळतही नाही आणि कळण्याची गरजही नसते, तोच येथे शस्त्र झाला.

या पार्श्वभूमीवर तारापूरच्या समुद्रकाठच्या केंद्राकडे वळता येते. तेथील पहिली दोन एकके उकळत्या पाण्याच्या प्रकारची असून ती अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकने उभारली आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. ती देशातील पहिली अणुविद्युत एकके होत. तिसरे आणि चौथे एकक भारतीय बनावटीचे, दाबित जड पाण्याच्या प्रकारचे व प्रत्येकी ५४० मेगावॉट क्षमतेचे असून चौथे २००५ मध्ये तर तिसरे २००६ मध्ये सुरू झाले. पहिल्या जोडीच्या काळात सुरक्षेचे निर्णय तारांनी जोडलेल्या रिलेंच्या मांडणीतून होत. दुसऱ्या जोडीपर्यंत संगणक नियंत्रणात पुरता शिरला होता. अशा अणुभट्टीत दोन कामे काटेकोरपणे वेगळी ठेवली जातात. एक नियमनाचे: शक्ती हवी तितकी राखणे, ज्यासाठी ५४० मेगावॉटच्या भट्टीत साध्या पाण्याच्या चौदा कप्प्यांतील पातळी कमीजास्त केली जाते. दुसरे संरक्षणाचे: काही बिघडले की भट्टी तत्काळ बंद करणे. संरक्षणाच्याही दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. पहिलीत न्यूट्रॉन शोषणाऱ्या कॅडमियमच्या दांड्या वरून खाली पडतात, दुसरीत गॅडोलिनियम नायट्रेटचे द्रावण भट्टीतील जड पाण्यात वेगाने सोडले जाते. दोहोंचे तत्त्व वेगळे, यंत्रसामग्री वेगळी आणि मापकेही वेगळी, आणि प्रत्येकीत तीन स्वतंत्र वाहिन्यांपैकी दोन वाहिन्यांनी 'बंद करा' म्हटले की भट्टी बंद होते.

हे सर्व पाहिल्यावर श्रम वाचवण्याच्या दृष्टीने एक सूचना सहज सुचते: तिन्ही वाहिन्यांना आणि दोन्ही व्यवस्थांना तापमान, दाब व न्यूट्रॉनप्रवाह वाचावे लागतात, मर्यादेशी तुलना करावी लागते, मग हा भाग एकच लायब्ररी म्हणून का लिहू नये? उत्तर असे की यंत्राचा भाग झिजून बिघडतो आणि तीन प्रती एकाच क्षणी झिजण्याची शक्यता फार कमी असते; सॉफ्टवेअर मात्र झिजत नाही, त्यातील दोष पहिल्या दिवसापासून असतो, आणि तीच परिस्थिती समोर आली की सर्व प्रती त्याच क्षणी तीच चूक करतात. अभियांत्रिकीत याला सामाईक कारणाने होणारा बिघाड म्हणतात. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन ५ हे रॉकेट उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झाले ते याच प्रकारे. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेत एरियन ४ वरून जसाच्या तसा घेतलेला कोड होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त असल्याने ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत मावेना आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणा होती, पण तिच्यातही तोच कोड असल्याने तीही त्याच कारणाने बंद पडली होती. ज्या गणनेत ही चूक झाली तिची एरियन ५ ला उड्डाणानंतर गरजच नव्हती, हा तपशील पुनर्वापराच्या चर्चेत पुन्हा पुन्हा सांगण्यासारखा आहे.

म्हणून अणुऊर्जेच्या क्षेत्रात विविधता हे तत्त्व मानले जाते: महत्त्वाचे काम दोन वेगळ्या मार्गांनी, शक्य तेथे दोन वेगळ्या चमूंनी आणि वेगळ्या साधनांनी करून घ्यायचे. कॅनडातील डार्लिंग्टन केंद्रात, ज्याच्या भट्ट्या तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या एककांप्रमाणेच दाबित जड पाण्याच्या आहेत, दोन्ही बंद-व्यवस्थांचे निर्णय सॉफ्टवेअरवर सोपवण्यात आले आणि दोहोंचे सॉफ्टवेअर स्वतंत्रपणे लिहिले गेले. तरीही नियामक संस्थेचे समाधान होईना. तिने सल्ल्यासाठी डेव्हिड पार्नस यांना बोलावले, आणि कोडचा प्रत्येक भाग गणिती तक्त्यांशी ताडून पाहण्याच्या दीर्घ तपासणीनंतरच परवान्याचा मार्ग मोकळा झाला. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाने जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतील संगणकाधारित यंत्रणांसाठी स्वतंत्र सुरक्षा-मार्गदर्शिका २०१० मध्ये प्रसिद्ध केली.

विविधतेलाही मर्यादा आहे, हे जॉन नाइट आणि नॅन्सी लेव्हसन यांच्या १९८६ मधील प्रयोगाने दाखवून दिले. त्यांनी एकाच कामासाठी विद्यार्थ्यांकडून २७ आज्ञावली स्वतंत्रपणे लिहून घेतल्या आणि प्रत्येकीवर दहा लाख चाचण्या घेतल्या. आज्ञावली सर्वसाधारणपणे उत्तम होत्या, परंतु एकाहून अधिक आज्ञावली एकाच चाचणीत चुकण्याचे प्रमाण, त्या खरोखर परस्परांपासून स्वतंत्र असत्या तर अपेक्षित असते त्यापेक्षा स्पष्टपणे अधिक निघाले. वेगळे बसून लिहिणाऱ्या माणसांनाही प्रश्नातील अवघड जागा एकच असते. कोड वाटून घेतला नाही तरी गैरसमज वाटून घेतला जाऊ शकतो, आणि तो बहुधा सर्वांना मिळालेल्या एकाच मागणीपत्रकातून आलेला असतो. त्यामुळे दोन व्यवस्थांनी आपापल्या वेगळ्या मापकांवर विसंबावे आणि निरनिराळ्या भौतिक क्रियांनी भट्टी थांबवावी, हा तारापूरच्या रचनेतील आग्रह वेगवेगळा कोड लिहिण्यापेक्षा अधिक खोलवर जातो.

हा विचार केंद्राच्या कुंपणाआड राहिलेला नाही. रसायन-कारखान्यातील अभिक्रिया उष्णता बाहेर टाकणारी असेल आणि थंड पाणी बंद पडले, तर तापमान स्वतःच्याच बळावर चढत जाते. तारापूर वसाहतीने स्फोट आणि आगी पाहिलेल्या आहेत. प्रक्रिया-उद्योगांसाठी २००३ मध्ये आलेल्या आयईसी ६१५११ या मानकाचा भर म्हणूनच नेहमीचे नियंत्रण आणि आणीबाणीची सुरक्षायंत्रणा वेगळी ठेवण्यावर आहे: रिअ‍ॅक्टरचे तापमान राखणाऱ्या पीआयडी ब्लॉकला जो सेन्सर आकडा देतो त्याच सेन्सरवर इंटरलॉक, म्हणजे धोक्याच्या वेळी वाफ आपोआप तोडणारी व्यवस्था, विसंबून ठेवू नये, तिला स्वतःचा सेन्सर, स्वतःचा लॉजिक सॉल्व्हर, म्हणजे निर्णय घेणारा भाग, आणि स्वतःचा व्हॉल्व्ह असावा. दोन्ही कामे एकाच पीएलसीत बसवली तर पॅनेल लहान होते, केबल वाचते आणि प्रोग्रामही एकच राहतो, त्यामुळे लहान कारखान्यांत हा मोह मोठा असतो. त्या एका पीएलसीचा स्कॅन, म्हणजे आकडे वाचून आज्ञा देण्याचे त्याचे अखंड चक्र, एखाद्या रात्रपाळीत अडकला, तर तापमान राखणारा आणि ते चढल्याचे ओळखणारा असे दोघेही एकदमच थांबतात, आणि पडद्यावर शेवटचा सुरक्षित आकडा तसाच दिसत राहू शकतो.